डिजिटल डायरीची बटणं

नव्वदच्या दशकात आखातातून सुट्टीवर गावी निघालेल्या माणसाची बॅग उघडली की त्यात काय निघणार हे विमानतळावरच्या कस्टमवाल्यांना तोंडपाठ असायचं. दुधाच्या पावडरीचा डबा, टँग, टायगर बाम, सेंटच्या बाटल्या, खजूर, एखादं कॅसिओचं घड्याळ आणि घरात कुणी 'साहेब' झालेला असेल तर त्याच्यासाठी डिजिटल डायरी. पाकिटासारखी उघडणारी, काळी किंवा करडी, वरच्या भागात छोटा पडदा आणि खालच्या भागात बटणांची दाटी. गावाकडे ती हातात घेऊन लोक आधी वजन करून बघायचे, मग झाकण दोनचारदा उघडमीट करायचे आणि शेवटी विचारायचे, "यात कॅल्क्युलेटर आहे ना?" असायचाच. पुढची दहा वर्षं ती डायरी बहुतेक घरांत कॅल्क्युलेटर म्हणूनच वापरली गेली.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. अमेरिकेतल्या 'साइनफेल्ड' या गाजलेल्या विनोदी मालिकेचा १९९८ सालचा एक अख्खा भाग याच गोष्टीवर आहे. मुलगा बापाला महागडं 'विझार्ड' ऑर्गनायझर भेट देतो आणि बाप खूश होतो, कारण त्यावर हॉटेलातल्या टिपेचा हिशेब करता येतो. मुलगा बिचारा सांगत राहतो की याला अजूनही बरंच काही येतं!

तर या वस्तूला 'अजून बरंच काही' येत होतं, आणि ते जमत होतं त्या बटणांमुळे. आज त्या बटणांचा इतिहास सांगावासा वाटतो आहे. एक तर इंजिनिअर माणसाला बटणांचं वेड असतंच. शिवाय त्या बटणांवर काय छापलेलं होतं आणि काय नव्हतं, या प्रश्नात आपल्या भाषेची एक गोष्ट दडलेली आहे आणि ती परदेशात राहणाऱ्याला जरा जास्त टोचते.

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. सॅम पित्रोदा हे नाव आपण एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्यांशी जोडतो. पण सी-डॉट आणि राजीव गांधींच्या कितीतरी आधी, शिकागोत असताना १९७५ साली, त्यांनी 'इलेक्ट्रॉनिक डायरी'ची कल्पना मांडली आणि १९७६ च्या डिसेंबरात त्यांना तिचं अमेरिकन पेटंट मिळालं. ओडिशातल्या टिटलागढला एका गुजराती घरात जन्मलेल्या आणि बडोद्याला शिकलेल्या माणसाची ही कल्पना. पण दुकानात जी वस्तू आली ती जपानी हातांतून आली. कॅसिओची पहिली डिजिटल डायरी, पीएफ-३०००, निघाली १९८३ साली. विश्वचषक आपण जिंकला तेच वर्ष, म्हणजे लक्षात ठेवायला सोपं.

१९८४ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड पॉटर यांच्या सायन कंपनीने 'ऑर्गनायझर' काढला. दिसायला विटेच्या तुकड्यासारखा. समोरचं कवच खाली सरकवलं की आतून बटणं बाहेर यायची. पडदा एका ओळीचा, त्यात सोळा अक्षरं. काम करायची मेमरी दोन किलोबाइट. माहिती साठवायला ज्या छोट्या पेट्या होत्या त्यांच्यावर लिहिलेलं पुसायचं म्हणजे पेटी यंत्राबाहेर काढून अतिनील दिव्याखाली धरायची! एका टेलिफोन नंबरासाठी एवढा खटाटोप. तरी १९८६ साली आलेली याची दुसरी आवृत्ती भरपूर खपली, आणि ती साहेबांच्या खिशापेक्षा गोदामं, दुकानं अशा ठिकाणी जास्त वापरली गेली.

या सुरुवातीच्या यंत्रांत एक गंमत होती. बटणं टाइपरायटरच्या क्रमाने नव्हती, ती होती ए, बी, सी, डी अशी सरळ. बनवणाऱ्यांचा हिशेब असा, की मॅनेजर लोकांना टायपिंग येत नाही. टायपिंग हे सेक्रेटरीचं काम, साहेबाला फक्त बाराखडी येते. आखातात हा हिशेब उलटा पडला. इथे आलेल्या आपल्या पहिल्या पिढीत टायपिस्ट-स्टेनो पुष्कळ. गल्लीतल्या टायपिंग क्लासात पत्र्याच्या शेडखाली इंग्रजी चाळीस शब्दांची परीक्षा पास होऊन, त्या सर्टिफिकेटावर व्हिसा मिळवून आलेली ही मंडळी. त्यांची बोटं क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय वर डोळे मिटून फिरायची. त्यांना ए-बी-सी-डी दिलं की चालत्या माणसाला रांगायला लावल्यासारखं व्हायचं.

लवकरच कंपन्यांनाही हे कळलं. शार्पचं पहिलं विझार्ड अमेरिकेत १९८९ साली आलं तेव्हा त्यावर ए-बी-सी-डी होतं. पुढच्या मॉडेलांत टाइपरायटरचा क्रम आला. कॅसिओनेही तेच केलं. तिथून पुढे वीस वर्षं खिशातल्या यंत्राचा राजा म्हणजे हा चिमुकला कीबोर्ड.

मस्कतच्या रुवी भागात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची रांग आहे. तिथल्या काचेआड ही यंत्रं मांडलेली असायची. पहिल्यांदा एखादी डायरी हातात घेतल्यावर माझ्यावर छाप पडली ती पडद्याची नाही, बटणांचीच. हरभऱ्याएवढी बटणं, दाबली की हलकासा 'टिक' आवाज, आणि दोन अंगठ्यांनी लिहायला लागलं की पाच मिनिटांत हात बसायचा. पेन लागत नव्हतं, कागद लागत नव्हता, आणि पासवर्ड टाकला की बायकोलासुद्धा उघडता येत नव्हतं (हा मुद्दा दुकानदार आवर्जून सांगायचा). किलोबाइटचे हिशेब तेव्हा मोठे वाटायचे. बत्तीस किलोबाइट म्हणजे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट अक्षरं. एका माणसाचं नाव, पत्ता, नंबर मिळून साठ अक्षरं धरली तर पाचशेच्या वर माणसं त्यात मावायची. पाचशे माणसं! परगावी आलेल्या माणसाला एवढी ओळखीची माणसं असणं हीच चैन.

पण आठवडाभर वापरल्यावर दुसरी छाप पडायला लागायची. ही वस्तू आपल्यासाठी बनवलेली नाही, हे हळूहळू जाणवायचं.

घड्याळाचंच बघा. जगाच्या वेळांच्या यादीत मस्कत नसायचं. 'डीएक्सबी' म्हणजे दुबई निवडायचं, कारण वेळ तीच. भारतासाठी 'डीईएल'. दोन्हींत दीड तासाचं अंतर, आणि गावी फोन करायचा तर हे दीड तास सतत डोक्यात ठेवायचे. कॅलेंडरमध्ये शनिवार-रविवार सुट्टीचे. ओमानमध्ये तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची, शुक्रवार-शनिवार झाली ती २०१३ साली.

मग नावांची यादी. ओमानी सहकाऱ्यांची आडनावं बहुतेक 'अल' ने सुरू होणारी, अल बलुशी, अल हार्थी, अल बुसैदी. डायरीने इमानेइतबारे सगळ्यांना 'ए' खाली कोंबलं. म्हणजे अर्धं ऑफिस एका अक्षराखाली आणि बाकीची पंचवीस अक्षरं निवांत.

टेलिफोन नंबराच्या रकान्यात फक्त आकडे. आता आपल्याकडे नव्वदच्या सुरुवातीला किती घरांत फोन होता? नंबर असायचा तो 'पी.पी.', म्हणजे शेजारच्यांचा. कागदी डायरीत लिहिलेलं असायचं: 'कुलकर्ण्यांकडे, रात्री नवाच्या आत, जोशीकाकूंना हाक मारा म्हणावं.' या एका ओळीत अख्ख्या वाड्याचं समाजशास्त्र होतं. डायरीत त्याला जागा नव्हती. (हा पी.पी. नंबर पुढे पीसीओमुळे मागे पडला. म्हणजे पित्रोदांनी फोनची दोन्ही टोकं सांभाळली म्हणायची!)

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, अक्षरं. सव्वीसच्या सव्वीस रोमन. आपली माणसं त्यात कोंबायची म्हणजे कसरत. 'केएएलई' हे काळे की काले? 'एमएएनई' वाचून इंग्रजाला घोड्याची आयाळ आठवणार, आपले माने कुठे राहिले? वाघांना 'व्ही' खाली शोधायचं की 'डब्ल्यू' खाली? ज्ञानेश्वर मराठी माणूस 'डी' खाली ठेवतो, हिंदी माणूस 'जी' खाली. मामाचा नंबर लिहिला 'एमएएमए', तर शेजारच्या टेबलवरचा फिलिपिनो म्हणाला, "आईला फोन करतोस वाटतं!" आपल्याच मामाला आपल्याच खिशात ओळख दाखवावी लागते म्हणजे बघा.

त्या काळात याचं फारसं वाईट कुणाला वाटलं नाही. मशीन म्हणजे इंग्रजी, हे आपण गृहीतच धरलेलं. पण प्रश्न विचारायला हवा होता: यात देवनागरी का नव्हती? जमत नव्हती, की कुणी मागितली नव्हती?

सुरुवातीला खरोखर जमत नव्हती. जुन्या डायऱ्यांचे पडदे म्हणजे ठरावीक चौकटींची रांग, प्रत्येक चौकटीत पाच बाय सात ठिपके. या पस्तीस ठिपक्यांत रोमन अक्षर आरामात बसतं. आपलं? शिरोरेषेला एक ओळ गेली, वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मग मधल्या अक्षराला उरणार काय? 'पूर्ती' लिहून बघा. जपान्यांनी यातून वाट काढली होती. त्यांची हजारो कांजी चिन्हं सोडून त्यांनी साधी, ताठ रेषांची काताकाना लिपी वापरली. हिताचीची एचडी ४४७८० ही पडदा चालवणारी चिप आजही इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टमध्ये वापरतात. तिच्या नेहमीच्या आवृत्तीत इंग्रजीच्या शेजारी काताकाना कोरलेलीच असते. ज्याने चिप बनवली त्याने आपली अक्षरं आत ठेवली. साधा न्याय आहे.

पण १९९१ नंतर ही सबब उरली नाही. हे वर्ष मोठं गमतीचं आहे. त्या वर्षी ह्यूलेट-पॅकार्डने ९५एलएक्स काढला. चष्म्याच्या घरापेक्षा थोडा मोठा, सव्वातीनशे ग्रॅमच्या आतबाहेर, दोन पेन्सिल सेलवर चालणारा आणि आत चक्क डॉस आणि लोटस १-२-३. त्याच्या दोन वर्षं आधी अटारीचा पोर्टफोलिओ आला होता, तोही याच जातीचा. 'टर्मिनेटर २' मध्ये तो पोरगा एटीएम फोडतो ना, त्याच्या हातात हाच असतो. तो सिनेमाही १९९१ चाच. सायनची सिरीज ३ देखील १९९१ चीच. या नव्या यंत्रांचे पडदे चौकटींचे नव्हते, त्यांवर हवा तो ठिपका पेटवता येत होता. म्हणजे देवनागरी काढता आली असती.

आणि त्याच १९९१ साली दुसरीकडे काय झालं? युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात देवनागरी होती. भारत सरकारने इस्की हे आपल्या लिप्यांचं प्रमाण जाहीर केलं, तेही १९९१. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तर १९८६ पासून होता. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, क दाबला तर क आणि शिफ्टबरोबर दाबला तर ख. आपल्या वर्णमालेची शिस्त त्यात अशी बसवली आहे की क्वर्टीपेक्षा ती शिकायला सोपी. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं. आयआयटी कानपूरला ज्यांनी यावर काम केलं होतं ते मोहन तांबे तिथे आले, आणि पीसीत बसवायचं 'जिस्ट' कार्ड तिथून बाहेर पडलं. ते कार्ड घातलं की इंग्रजी सॉफ्टवेअरसुद्धा मराठी बोलायला लागायचं.

मेमरी कमी पडली असती का? तेही नाही. इस्कीत एका चिन्हाला एक बाइट. 'पुणे' लिहायला प, उकार, ण, मात्रा असे चार बाइट. रोमन 'पुणे' लाही चारच. हिशेब बरोबरीचा.

म्हणजे पडदा होता, संकेत होता, कीबोर्डचा आराखडा होता, मेमरी पुरत होती. आणि देवनागरीची बटणं बनवायची आपल्याला सवय नव्हती असंही नाही. गोदरेजने मुंबईत १९५५ साली भारतीय टाइपरायटर काढला. पुढे मराठी टाइपरायटर कचेऱ्याकचेऱ्यांत खडखडत होते. त्यांची जोडाक्षरं ओबडधोबड निघायची, पण सातबारापासून कोर्टाच्या निकालापर्यंत सगळं त्यावर चाललं. तरी खिशातल्या यंत्रावर मराठी बटण काही उमटलं नाही.

कारण सोपं आहे. बटण साच्यातून काढावं लागतं. एकदा त्यावर छापलं की छापलं. प्रत्येक लिपीसाठी वेगळं मॉडेल, वेगळा साठा, वेगळं खोकं. कंपनी एवढा खर्च तेव्हाच करणार जेव्हा गिऱ्हाईक म्हणेल, "माझी अक्षरं नसतील तर घेणार नाही." आपण तसं कधी म्हटलं नाही. उलट, डायरी घेणारा वर्ग तोच होता ज्याला इंग्रजी येतं याचा अभिमान होता.

इथे मला ओमानमध्ये राहून जे दिसलं ते सांगितलं पाहिजे, कारण शेजारीच दुसरं उदाहरण होतं. अरबीची लिपी यंत्राला देवनागरीइतकीच जड. उजवीकडून डावीकडे जाणारी, एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळं दिसणारं. पण अरब जगाने हट्ट धरला. कुवेतमध्ये मोहम्मद अल-शारेख यांनी १९८२ साली 'अल-आलमिया' कंपनी सुरू केली आणि जपानी एमएसएक्स जातीच्या घरगुती कंप्युटरला अरबी शिकवून 'सख्र' या नावाने विकलं. ऐंशीच्या दशकात अरब मुलं अरबी अक्षरांच्या बटणांवर प्रोग्रॅम लिहायला शिकली. ओमानमध्ये रस्त्यावरच्या पाट्या अरबी आणि इंग्रजीत, सरकारी अर्ज अरबीत, दुकानावरचं नाव अरबीत. मग ब्लॅकबेरी आणि नोकियाचे कीबोर्डवाले फोन आले तेव्हा आखातात ते कसे आले? प्रत्येक बटणावर इंग्रजी अक्षराच्या बाजूला अरबी अक्षर छापूनच. कंपनीने उपकार केले नाहीत. बाजार तसा होता.

आता यातली सगळ्यात बोचरी गंमत ऐका. गोदरेजने टाइपरायटर बनवणं २००९ साली थांबवलं. शिरवळच्या कारखान्यातून, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातून, शेवटची यंत्रं निघाली. २०११ साली जगभर बातम्या झळकल्या की शेवटची काहीशे यंत्रं शिल्लक आहेत, आणि त्या बातम्यांनुसार त्यातली बहुतेक होती अरबी लिपीची! शिरवळच्या कामगाराने अरबी अक्षरं ठोकून बसवली, कारण अरबी गिऱ्हाईक शेवटपर्यंत मागत होतं.

आणि आपण? ओमानमध्ये राहणारा मराठी माणूस दोन परक्या लिप्यांच्या मध्ये उभा. कंपनीत तो रोमन. सरकार दरबारी तो अरबी. इथे सरकारी अर्ज भरून देणारी 'सनद' नावाची सेंटरं असतात, आपल्याकडच्या महा ई-सेवा केंद्रांसारखी. तिथला पोरगा आपलं नाव ऐकतो आणि अरबीत टाइप करतो. अरबीत 'प' नाही, 'ट' नाही, 'च' नाही. त्यामुळे पाटील होतात 'बातील', पवार होतात 'बवार'. रेसिडेंट कार्डावर आपणच आपल्याला वाचून हसायचं. यात त्या पोराचा दोष नाही, त्याच्या बटणांवर जे आहे तेच तो दाबणार. पण याच मस्कत-मत्राहमध्ये पिढ्यानपिढ्या राहिलेले कच्छी भाटिया व्यापारी आपल्या वह्या गुजरातीत लिहीत. समुद्र ओलांडला म्हणून त्यांनी लिपी टाकली नाही, कारण वही कोरी होती. तिच्यावर आधीपासून कुणाची अक्षरं छापलेली नव्हती. मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. कोऱ्या कागदाला भाषा नसते. बटणाला असते.

हे ओळखून बटणंच काढून टाकायचे प्रयोगही झाले. जेफ हॉकिन्स यांनी पाम पायलट बनवण्याआधी खिशाच्या मापाचा लाकडी ठोकळा घेऊन त्यावर काडीने लिहिल्यासारखं करून बघितलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १९९६ साली आलेल्या पायलटवर बटणांचा कीबोर्ड नव्हता. काडीने लिहायचं, पण आपल्या अक्षरात नव्हे, 'ग्राफिटी' नावाच्या खास वळणात. एक अक्षर, एकच फटका. आडवी रेघ गाळलेला ए, वगैरे. हे वाचून मराठी माणसाला मोडी आठवायला हवी. आपल्या कारकुनांनी हात न उचलता भरभर लिहिता यावं म्हणून देवनागरीची वळणं मोडून मोडी चालवली. फरक एवढाच, की मोडी माणसाच्या हातासाठी वाकली होती आणि ग्राफिटीत माणसाचा हात मशीनसाठी वाकला.

आपल्याकडे बंगलोरच्या मंडळींनी 'सिम्प्युटर' केला. २००४ साली 'अमिडा' या नावाने तो बाजारात आला, साधारण दहा हजार रुपयांपासून. त्यावरही कीबोर्ड नव्हता. पडद्यावर काडीने हव्या त्या लिपीत खरडा, तसंच चित्र साठवून ठेवता यायचं. विचार अगदी योग्य दिशेचा होता. पण तो फारसा खपला नाही, आणि तोपर्यंत लोकांना खिशात फोन हवा होता, डायरी नको होती.

दरम्यान बटणांचं राज्य कळसाला पोचलं होतं. १९९६ साली नोकियाचा कम्युनिकेटर आला, चारशे ग्रॅमचा, उघडला की आत अख्खा कीबोर्ड. १९९७ ची सायन सिरीज ५ तर बघत राहावी अशी. झाकण उघडताना कीबोर्ड आपोआप पुढे सरकतो आणि पडदा त्याच्यावर रेलतो. मार्टिन रिडिफर्ड यांनी केलेली ती बिजागरी यांत्रिक रचनेचा उत्तम नमुना आहे. सायनचंच सॉफ्टवेअर पुढे १९९८ साली सिम्बियन झालं आणि नोकियाच्या फोनांत जाऊन बसलं. १९९९ पासून ब्लॅकबेरी. हँडस्प्रिंगनेही २००२ साली आपल्या ट्रिओ फोनचे दोन प्रकार काढले, एक ग्राफिटीचा आणि एक बटणांचा. लोकांनी बटणांचा उचलला. माझ्यासारख्याला तेव्हा वाटलं की आता बटणं अमर झाली.

२००७ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवला तेव्हा त्यांनी याच फोनांची नावं घेऊन टीका केली. मुद्दा असा, की प्लास्टिकची बटणं हवी असोत वा नसोत, कायम तिथेच असतात, बदलता येत नाहीत. तेव्हा आम्ही बटणप्रेमी हसलो. काचेवर कुणी टाइप करतं का? जॉब्ज यांच्या मनात मराठी नक्कीच नव्हती. त्यांच्या पहिल्या फोनवर तर मराठी लिहिताही येत नव्हतं. पण त्यांनी जे सांगितलं ते अमेरिकनांपेक्षा आपल्याला जास्त लागू होतं. बटण छापलेलं नसून चित्र असेल, तर ते उद्या क होईल, परवा अलिफ होईल. वेगळा साचा नको, वेगळा साठा नको, वेगळं खोकं नको. जे अडथळे पंचवीस वर्षं हटले नाहीत ते एका काचेने संपवले.

आणि झालंही तसंच. पुढच्या पाच-सात वर्षांत काचेवर देवनागरी आली. नुसती आली नाही, आपल्या पद्धतीने आली. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन विभागातल्या अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या चमूने २०१३ साली 'स्वरचक्र' काढलं. क वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती का, कि, की, कु असं चक्र उमलतं, हवं तिकडे बोट सरकवा. आपली बाराखडीच ती, गोल करून मांडलेली. प्लास्टिकच्या बटणावर हे कधीच जमलं नसतं. बटण काही फुलासारखं उमलत नाही. पुढे सरकारनेही २०१६ साली आदेश काढला की भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर भारतीय भाषा वाचता-लिहिता आल्या पाहिजेत. जी मागणी आपण गिऱ्हाईक म्हणून केली नाही, ती शेवटी कायद्याने केली.

ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी कायमच्या बंद झाल्या. त्या टिक-टिक आवाजाची आठवण मला अजून येते, नाही असं नाही. चालत्या गाडीत, न बघता, अंगठ्यांनी लिहिण्याची ती मजा काचेला नाही. पण बटणांसाठी रडताना हेही आठवतं की त्यांतलं एकही बटण आपलं नव्हतं.

मग आता सगळं छान झालं का? इथेच घोडं पेंड खातं. बटणं गेली, पण पंचवीस वर्षं त्यांनी लावलेली सवय गेली नाही. आज प्रत्येक फोनवर मराठी लिहिता येतं, तरी आपल्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर बघा. वाढदिवसाच्या शुभेच्छा रोमन अक्षरांत, 'काळजी घे' रोमन अक्षरांत, आजीच्या तब्येतीची चौकशी रोमन अक्षरांत. ज्या आजीला रोमन वाचता येत नाही तिची चौकशी तिला न वाचता येणाऱ्या अक्षरांत! परदेशातल्या आमच्या पोरांचं तर विचारू नका. ती मराठी बोलतात, पण मराठी शब्द त्यांनी बघितला असतो तो बहुतेक वेळा रोमनमध्येच. 'ळ' हे अक्षर त्यांच्या कानाला माहीत असतं, डोळ्याला नाही. आधी निदान मशीनवर ढकलता यायचं. आता दोष द्यायला मशीनही उरलं नाही.

म्हणून एक छोटं काम सुचवतो. मोठी चळवळ वगैरे काही नाही, पाच मिनिटांचं काम आहे. फोनमधली नावांची यादी उघडा आणि घरच्या दहा माणसांची नावं देवनागरीत करून टाका. आई, बाबा, मामा, आत्या, काळेकाका. काळे म्हणजे काळेच, काले नव्हेत. रात्री आईचा फोन येईल तेव्हा पडद्यावर 'आई' असं उमटेल. दोन अक्षरं फक्त. ती खिशातल्या यंत्रावर दिसायला एवढी वर्षं लागली, आता निदान वापरून तरी बघू.